प्रतिमाबाईंची जबानी

प्रतिमाबाई हर्डीकरांची सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेली, आणि त्याबद्दल सरकारनं त्यांना पेन्शनही दिली. टेलिफोन खात्यात त्या ऑपरेटर होत्या. जबलपूरहून कुठं फोन लावायचा तर आधी प्रतिमाबाईंच्या कानावरून जावं लागे, त्या काळापासूनची ही गोष्ट. पुढं डायल आले, मोबाईल आले, खात्यानं त्यांना तक्रारींच्या खिडकीत बसवलं आणि शेवटी पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. पण कान काही निवृत्त झाले नाहीत. जबलपूरच्याच रांझी भागातल्या आपल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता शेजारच्या घरात कोण कुणावर का रागावलंय, हे त्या पिठाचा हात न थांबवता सांगत. फक्त एक खात्याची शिस्त त्यांनी जन्मभर पाळली. ऐकायचं, पण मधे बोलायचं नाही.

नवरा मुरलीधरराव रांझीच्याच फॅक्टरीतून रिटायर झालेले. माणूस शांत. संसारात त्यांचा प्रतिमाबाईंशी मतभेद एकाच गोष्टीवर होता, आणि तो लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून चालू होता. डिंकाचे लाडू.

दर थंडीत प्रतिमाबाई डिंकाचे लाडू करत. खारीक, खोबरं, बिब्ब्याच्या बिया, साजूक तुपात फुलवलेला डिंक, वर गुळाचा पाक. वास असा की गल्लीतला माणूस सायकलवरून उतरून चालायला लागे. पण लाडू वळून गार झाला, की त्याचं जे काही व्हायचं ते मुरलीधररावांच्या दाढांना विचारावं. एक दाढ तर त्यांनी त्यातच गमावली होती. तेव्हापासून ते लाडू टॉवेलात गुंडाळून मागच्या अंगणात नेत, खलबत्त्यातल्या बत्त्यानं फोडत आणि तुकडे खिशात टाकून परत येत.

"लाडू जरा कडक झालाय का ग?" असं त्यांनी कधी चुकून म्हटलंच तर प्रतिमाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं.

"लाडू बरोबर आहे. दात पाहून घ्या."

तर अशा या घरात गेल्या जानेवारीत त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आल्हाद मुक्कामाला आला. आल्हाद नागपूरचा, आणि पेशानं पायलट. एका कंपनीच्या मालकाचं स्वतःचं छोटं जेट विमान होतं, त्यावर तो को-पायलट होता. मालक कुणाच्या तरी लग्नासाठी जबलपूरला आले होते, म्हणून आल्हादला मावशीकडं रात्र काढायला मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांच्या व्याह्यांना नागपूरला सोडायचं आणि रिकामं विमान घेऊन परत यायचं, एवढंच काम होतं.

"नागपूरला जाऊन संध्याकाळी परत?" मुरलीधरराव म्हणाले. "अरे, आमची बस तेवढ्यात गावाबाहेरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून चहाला थांबते."

निघताना प्रतिमाबाईंनी त्याच्या बॅगेत लाडवांचा डबा ठेवला. आल्हाद नको म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. पायलटांना वरती काय खायला मिळत असेल, या विचारानं त्यांना कालपासून चैन नव्हतं.

दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि मावठा बरसला. थंडीतला तो हट्टी, बारीक पाऊस. प्रतिमाबाईंनी गच्चीवरचे कपडे ओढून आणले, आणि अंधार पडायच्या सुमारास फोन वाजला.

"मावशी, मी ठीक आहे," आल्हाद म्हणाला.

जन्मभराच्या अनुभवावरून प्रतिमाबाईंना एक ठाऊक होतं. ज्या फोनची सुरुवात 'मी ठीक आहे'नं होते, त्यात पुढं काही ठीक नसतं.

"काय झालं ते सांग आधी."

"काही नाही ग. विमान जरा पुढं गेलं."

"पुढं म्हणजे? कटनीला?"

"नाही ग! आपल्या डुमन्याच्या विमानतळावरच उतरलो. पण धावपट्टी संपली तरी विमान चालूनच राहिलं होतं. गवतात जाऊन थांबलं. पुढचं चाक मोडलं, नाक चिखलात गेलं. कुणाला काही लागलं नाही. कॅप्टनसाहेबांचं कोपर खरचटलंय थोडं."

प्रतिमाबाई खुर्चीत बसल्या. मग एकदम उठल्या, कारण बसून काय होणार होतं? त्यांनी देवापुढं दिवा लावला आणि कुकर लावला.

शहरातली सगळी हॉटेलं लग्नांच्या वऱ्हाडांनी भरलेली. दिल्लीहून चौकशी अधिकारी येईपर्यंत दोघांनाही गाव सोडायची परवानगी नव्हती. म्हणून आल्हाद आपल्याबरोबर कॅप्टन शैलेंद्र यांनाही घेऊन आला. शैलेंद्र भोपाळचे, चाळिशीचे, उंचेपुरे, आणि त्या संध्याकाळी ओल्या कोंबड्यासारखे दिसणारे. "मौसीजी, माफ कीजिए, इस हालत में आना पड़ा," एवढं म्हणून ते सोफ्यावर बसले ते जेवायला हाक मारेपर्यंत बूट काढायचं विसरले.

आल्हादनं डबा परत दिला. प्रतिमाबाईंनी सवयीनं झाकण उघडून पाहिलं.

"एकच खाल्ला?"

"खाल्ला कुठं? वर असताना डबा उघडला, हातात घेतला, तर निसटला. गेला गडगडत सीटखाली. मग उतरायची वेळ झाली, शोधतो कुठं?"

बिचारा उपाशी राहिला, एवढंच तेव्हा प्रतिमाबाईंच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भय्यासाहेब आले. भय्यासाहेब म्हणजे सिव्हिल लाइन्समधले जुने घरंदाज गृहस्थ. त्यांचे खापरपणजोबा मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आले होते आणि भय्यासाहेब स्वतः आयुष्यभर छोटी विमानं चालवून निवृत्त झाले होते. आता वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर माकडटोपी, हातात काठी, आणि आवाज असा की इंजिन चालू असतानाही ऐकू जावा. गणेशोत्सवामुळं मुरलीधररावांशी ओळख. जबलपुरात विमान घसरलं आणि आपल्याला कुणी विचारायला आलं नाही, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून ते स्वतःच आले.

"चला, जेवणाचं टेबल मोकळं करा," ते आल्या आल्या म्हणाले.

टेबलाची धावपट्टी झाली. लोणच्याची बरणी टॉवर झाली. आमटीची रिकामी वाटी विमान झाली. तीन वैमानिक तिच्याभोवती असे उभे राहिले, की कुणाला वाटावं ऑपरेशन चाललंय. मुरलीधररावांना एका टोकाची खुर्ची मिळाली. प्रतिमाबाई ओट्यापाशी पोळ्या करत होत्या, आणि त्यांचा उजवा कान टेबलाकडं होता.

"हवा ने धोखा दिया," कॅप्टन शैलेंद्र अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगायला लागले. त्यांनी फुंकर मारून दाखवली. "टॉवरनं सांगितलं तेव्हा वारा समोरून होता. समोरचा वारा विमानाला रोखतो. आम्ही खाली येईपर्यंत पावसाची सर सरकली आणि वारा फिरला. मागून आला. पीठ पर हाथ रखके कोई धकेल रहा हो, ऐसा."

"वारा फिरतोच," भय्यासाहेब म्हणाले. "वाऱ्याचं ते कामच आहे. तुम्ही उंचावरून आलात, वेगात आलात, आणि चाकं टेकवायला अर्धी धावपट्टी घालवलीत. हे असं." त्यांनी वाटी टेबलाच्या वरून तरंगत तरंगत नेली आणि पार मधोमध टेकवली. "आता राहिली केवढी? एवढी. त्यात जमीन ओली."

"चितळ आलं असेल मधे," मुरलीधरराव म्हणाले. "डुमन्याच्या जंगलात चितळं फार."

"काका, चितळ नव्हतं," आल्हाद म्हणाला.

"ओल्या जमिनीवर काय होतं बघा," असं म्हणून भय्यासाहेबांनी पेल्यातलं पाणी टेबलाच्या प्लॅस्टिकवर ओतलं. "चाक आणि जमीन यांच्यामधे पाण्याचा पापुद्रा येतो. चाक जमिनीला लागतच नाही. पाण्यावर चालतं!" आणि त्यांनी वाटी सोडली.

वाटी सुरेख घसरली. टॉवरला चाटून गेली, टेबलाच्या कडेवरून सुटली आणि मुरलीधररावांच्या मांडीवर उतरली. तळाशी राहिलेली आमटी पायजम्यावर पसरली.

"पाहिलंत?" भय्यासाहेब समाधानानं म्हणाले.

आल्हाद मात्र हसला नाही. तो कालपासून फारसा बोललाच नव्हता. विमान त्या वेळी त्याच्या हातात होतं, हे प्रतिमाबाईंना सकाळी बहिणीशी चाललेल्या त्याच्या फोनवरून कळलं होतं. "आई, मीच चालवून राहिलो होतो न. लायसन्स गेलं तर काय करू सांग," असं तो गच्चीवर जाऊन म्हणाला होता, आणि जिन्याला कान असतात हे त्याला माहीत नव्हतं.

"मला ब्रेकचं वाटतं," तो आता हळूच म्हणाला. "मी दोन्ही पाय दाबले. जीव खाऊन दाबले. पण विमान थांबत नव्हतं. पेडल पूर्ण खाली गेलंच नाही, असं वाटलं मला. मधेच काहीतरी आड आल्यासारखं."

कॅप्टन शैलेंद्र हनुवटी खाजवायला लागले.

"हो सकता है," ते म्हणाले. "पेडल के नीचे कभी कुछ फँस जाता है. एका विमानात पाण्याची बाटली अडकली होती म्हणतात. अशी एखादी वस्तू पाहिजे. छोटी, गोल, और एकदम सख़्त."

तव्यावरची पोळी फुगली, काळी झाली आणि धुरायला लागली. प्रतिमाबाई उलथनं हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

छोटी, गोल आणि एकदम सख्त.

जेवणं झाली. भय्यासाहेबांना आल्हाद आणि कॅप्टन घरी सोडायला गेले. मुरलीधरराव पायजमा बदलून पेपर घेऊन लवंडले. प्रतिमाबाईंनी डब्यातून एक लाडू घेतला आणि आतल्या खोलीत गेल्या. तिथं त्यांचं जुनं पायानं चालवायचं शिलाई मशीन होतं. त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या, लाडू मशीनच्या पायटीखाली सरकवला आणि वर स्टुलावर बसून पाय दाबला.

पायटी हलली नाही.

त्यांनी दोन्ही पाय ठेवले आणि उभ्या राहून जोर दिला. मशीन कुरकुरलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. लाडू होता तसाच राहिला.

"काय करून राहिली?" दारात मुरलीधरराव उभे होते.

"ब्लाउज शिवते."

"लाडवावर?"

प्रतिमाबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. डबा, निसटलेला लाडू, पेडल, बाटली. "पोराचं लायसन्स माझ्या लाडवानं घालवलं हो," त्या म्हणाल्या. "त्याची आई माझं तोंड पाहणार नाही."

मुरलीधररावांनी वाकून पायटीखालचा लाडू काढायचा प्रयत्न केला. तो पक्का बसला होता. मशीन तिरकं करावं लागलं. हातात घेतलेल्या लाडवाकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. हसावं असं त्यांना आतून फार वाटत होतं, पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

"कुणाला बोलू नको," ते म्हणाले. "शोधतील ते लोक आपले."

"काहून बोलू नको? तो आपल्यावर घेऊन राहिला सगळं. चूक लाडवाची असेल तर लाडू बांधून देणाऱ्याची. त्या चौकशीच्या मॅडम आज संध्याकाळी पोचून राहिल्या न दिल्लीहून? उद्या मी जाते."

"तू? जबानी द्यायला?"

"जबानी म्हणा नाही तं काही म्हणा. स्कूटर काढा."

दुसऱ्या दिवशी पोरं अजून अंघोळीला गेलेली असताना ही दोघं डुमन्याला निघाली. पाऊस थांबला होता, गार वारा होता. प्रतिमाबाई मागं बसल्या होत्या आणि मांडीवर स्टीलचा छोटा डबा होता. विमानतळाच्या फाटकावर जवानानं तो उघडायला लावला.

"माताजी, ये क्या है?"

"लड्डू."

जवानानं तो उचलला, बोटानं टकटक केली, कानाशी नेला, आणि आपल्या साथीदाराकडं पाहिलं. साथीदारानंही टकटक केली.

"खाने का है?"

"सबूत है," प्रतिमाबाई म्हणाल्या.

या एका शब्दामुळं त्यांना पुढं बराच वेळ एका बाकावर बसावं लागलं, मुरलीधररावांना आपल्या फॅक्टरीचं जुनं ओळखपत्र काढून दाखवावं लागलं, आणि शेवटी एका खोलीत नेण्यात आलं.

चौकशी अधिकारी श्रद्धा मॅडम वयानं प्रतिमाबाईंना मुलीसारख्या होत्या. त्यांना जबरदस्त सर्दी झाली होती आणि गळ्याला मफलर होता. नाव ऐकल्यावर त्या एकदम मराठीत बोलायला लागल्या. मूळच्या साताऱ्याच्या निघाल्या. प्रतिमाबाईंना तेवढाच धीर आला.

"काय सांगायचंय तुम्हाला?" मॅडमनी कागद ओढला.

"विमान मी थांबू दिलं नाही."

मॅडमचं पेन थांबलं. "तुम्ही विमानात होता?"

"मी नव्हते. माझा लाडू होता."

मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. सांगताना थोडी भर घातली. आल्हाद नको नको म्हणत होता, आपणच गुपचूप डबा बॅगेत सरकवला, त्याला तर वरती गेल्यावर कळलं, आणि लाडू त्यानं पाडला नाही, डबा उघडताच लाडूच बाहेर आला, असं त्या म्हणाल्या. मॅडम ऐकत होत्या. मधून मधून शिंकत होत्या.

"म्हणजे तुमचं म्हणणं, लाडू ब्रेकच्या पेडलखाली गेला."

"हो."

"पण काकू, लाडूच तो. पेडलवर एवढा जोर आल्यावर त्याचा चुरा होईल की."

प्रतिमाबाईंनी पदर सारखा केला. शेजारच्याच खुर्चीवर मुरलीधरराव बसलेले होते. इतक्या हिवाळ्यांत जे त्यांनी आईपुढं, सासूपुढं, बहिणीपुढं, भिशीच्या बायकांपुढं मान्य केलं नव्हतं, ते आता नवऱ्यासमोर, सरकारी कागदावर, मान्य करायची वेळ आली होती. नाही म्हणावं तर पोरगा बुडत होता.

"माझा होत नाही," त्या म्हणाल्या.

"काय होत नाही?"

"चुरा. माझा लाडू कडक असतो." त्यांनी मॅडमच्या कागदाकडं बोट दाखवलं. "पाक पुढं जातो माझा. दरवर्षी."

हे वाक्य ऐकायला मुरलीधररावांनी सगळा संसार घालवला होता. आणि आता ते कानावर पडलं, तर त्यांना काडीचाही आनंद झाला नाही. बायकोचा उतरलेला चेहरा पाहून ते खुर्चीत पुढं सरकले.

"एवढाही काही कडक नसतो हो, मॅडम," ते म्हणाले. "चवीला तर फार उत्तम. थोडा चघळला की—"

"तुम्ही चूप बसा!" प्रतिमाबाई कडाडल्या. "मागच्या अंगणात बत्त्यानं फोडता ते काय मला ऐकू येत नाही? एवढी वर्षं ऐकून राहिले मी. खरं सांगा मॅडमना. कडक असतो की नाही?"

मुरलीधररावांनी मॅडमकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं.

"असतो," ते म्हणाले. "दाढ पडली माझी एक."

"लिहा," प्रतिमाबाई मॅडमना म्हणाल्या. "आणि हा नमुना आणलाय. पाहून घ्या."

श्रद्धा मॅडमनी डबा उघडला. लाडू टेबलावर ठेवून तळहातानं दाबला. मग उभं राहून दाबला. मग त्यांनी कपाटाजवळ जाऊन एक पारदर्शक पिशवी आणली आणि टेबलावर ठेवली. पिशवीत चिठ्ठी चिकटवलेला, तपकिरी, गोल, अखंड लाडू होता.

"हाच का?" त्यांनी विचारलं.

प्रतिमाबाईंनी वाकून पाहिलं. बिब्ब्याची बी वरच्या बाजूला होती. "हाच."

"काकू, काल संध्याकाळपासून आमचे चार लोक हे काय आहे यावर डोकं लावून बसलेत. एकाचं म्हणणं रबराचा ठोकळा आहे. दुसरा म्हणाला, आसनाच्या स्प्रिंगचा काही भाग असेल. हे विमानाच्या कुठल्या भागातून निखळलं ते शोधायला आम्ही कंपनीला फोटो पाठवलेत." त्यांनी रुमालानं नाक पुसलं, आणि प्रतिमाबाईंना कळलं की रुमालामागं त्या हसतायत. "हा को-पायलटच्या आसनामागं सापडला. आसन ज्या रुळावर सरकतं ना, त्या रुळाच्या खाचेत. घट्ट बसला होता. पेडलपासून लांब. आणि तो तिथं विमान उतरायच्या खूप आधीच बसला असणार, नाहीतर नाक चिखलात गेलं तेव्हा पुढं गडगडला असता."

"म्हणजे ब्रेकला...?"

"ब्रेकचं काय झालं ते यंत्रातल्या नोंदी सांगतील. पण लाडवाचा काही संबंध नाही. जा तुम्ही घरी."

प्रतिमाबाई उठल्या. पाय एकदम हलके झाले होते. दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या.

"मग मघाशी कडक म्हटलं ते खोडा न."

"जबानीतलं खोडता येत नाही, काकू," श्रद्धा मॅडम म्हणाल्या. नमुन्याचा लाडू त्यांनी परत दिला नाही. सर्दीला बरा असतो, म्हणाल्या.

घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती, कारण फाटकावरच्या जवानानं ऑफिसातून नंबर घेऊन कॅप्टन शैलेंद्रना फोन करून 'आपकी मौसीजी सबूत लेके आई हैं' असं कळवलं होतं. दोघं पायलट अंगणात उभे होते. सगळं ऐकल्यावर कॅप्टन शैलेंद्र पहिल्यांदा हसले, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवता येईना. त्यांना भिंतीला धरून बसावं लागलं. आल्हाद मात्र मावशीच्या पाया पडला आणि तसाच तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला.

"मावशी, खोटं कशाला बोललीस? लाडू माझ्याच हातून पडला होता."

"मग काय झालं? उपाशी पोराच्या हातून पडेल नाही तं काय."

चहा झाल्यावर तो आपण होऊन बोलायला लागला. "ब्रेकचं मी उगाच म्हणून राहिलो होतो ग. ब्रेक बरोबर असतील. चाक पाण्यावर घसरायला लागलं की ब्रेक आपोआप सुटतो, पायाला तसंच लागतं. शिकवलेलं आहे मला. पण दुसऱ्या कशाची तरी चूक असावी, असं वाटत होतं." तो कपाकडं पाहत होता. "खरं सांगू? खाली येता येताच मला कळलं होतं, हे जमत नाही. परत वर न्यायला पाहिजे होतं. नुसतं तोंडानं म्हणायचं होतं. पण कॅप्टनसाहेब काही बोलले नाहीत. म्हटलं, त्यांना ठीक वाटत असेल."

कॅप्टन शैलेंद्रचं हसणं थांबलं. "और मैं सोच रहा था," ते सावकाश म्हणाले, "की हा चालवतोय, ह्याला अडचण वाटली तर हा बोलेल. टोकलं तर बच्चे का कॉन्फिडन्स जाएगा."

आल्हादनं कप खाली ठेवला.

"हे तं आमच्याकडं रोज व्हायचं," प्रतिमाबाई कप गोळा करता करता म्हणाल्या. "ट्रंक कॉल जोडून द्यायचा. इकडचा लाईनवर, तिकडचा लाईनवर. आणि दोघंही गप्प. हा म्हणतो तो बोलेल, तो म्हणतो हा बोलेल. मिनिटं चालली. शेवटी मला ओरडावं लागायचं, अहो बोला!"

आल्हादनं आणि कॅप्टननी दुसऱ्या दिवशी श्रद्धा मॅडमना जबान्या दिल्या, त्यात हे जसंच्या तसं सांगितलं.

अहवाल यायला उन्हाळा उजाडला. त्यात वारा फिरल्याचं होतं, उंचीचं आणि वेगाचं होतं, ओल्या जमिनीचं होतं, ब्रेक नीट चालत असल्याचं होतं, आणि विमान परत वर न्यायला हवं होतं, तसं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही, हेही होतं. आसनामागं सापडलेल्या 'एका गोल खाद्यपदार्थाचा' घटनेशी संबंध नाही, अशी एक ओळ होती. भय्यासाहेबांनी फोन करून 'मी काय म्हणालो होतो' म्हटलं. कॅप्टन शैलेंद्रनी फोन करून वाऱ्याची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. मुरलीधररावांनी सबंध अहवाल आल्हादकडून वाचून घेतला. चितळाचा उल्लेख कुठंच नव्हता. चौकशी अर्धवट झाली, असं त्यांचं मत पडलं.

लायसन्स कुणाचंच गेलं नाही. दोघांनाही काही महिने जमिनीवर बसवून नव्यानं शिकायला पाठवलं. ते महिने आल्हादनं नागपूरला काढले. आधी घराबाहेर पडत नव्हता. मग हळूहळू पडायला लागला. प्रतिमाबाई रोज संध्याकाळी त्याला फोन करत आणि मुद्दाम काही विचारत नसत. रांझीत भाजी काय भावानं आहे, नळाला पाणी किती वाजता आलं, एवढंच सांगत. तो हं हं करी. एक दिवस तो स्वतःहून दहा मिनिटं सिम्युलेटरबद्दल बोलत राहिला, तेव्हा त्यांनी फोन ठेवून मुरलीधररावांना सांगितलं, "पोरगा आला लाईनवर."

परत उडायच्या पहिल्या दिवशी त्याचा फोन रायपूरच्या विमानतळावरून आला. मागं कुणीतरी बाई भराभर इंग्रजी बोलत होती.

"कॅप्टन कोण आहे?" प्रतिमाबाईंनी विचारलं.

"मेघना मॅडम म्हणून आहेत."

"बोलतात का?"

"बापा! सकाळपासून थांबल्याच नाहीत. आणि मला पण बोलायला लावून राहिल्या. हे दिसतंय का सांग, ते पटतंय का सांग."

"अच्छा. मग जा," प्रतिमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं.